वास न येणारे व्यसन

मुलगा व्यसनाला लागला की नाही, याचा तपास आपल्या वस्त्यांतील आई नाकाने करते. रात्री उशिरा घरात शिरलेल्या पोराला ती "जरा पाणी दे रे" म्हणून जवळ बोलावते आणि तो वाकला की त्याच्या तोंडाचा वास घेते. दारू असली तर कळते, बिडी-सिगारेट असली तर कळते. गुटख्याने दात रंगतात, खिशात पुडीचा कपटा सापडतो. दोन-तीन पिढ्या दारूने पोळल्यामुळे आपल्या माता-भगिनी या कामात तरबेज झाल्या आहेत. परंतु आज शाळेत जाणारी आपली काही मुले जे घेत आहेत, त्याला वासच नाही. ती औषधे आहेत. रीतसर कारखान्यात तयार झालेली, चकचकीत वेष्टनातली, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायची औषधे.

आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतील विहारात अभ्यासिका चालवितो. आठवी ते दहावीची पंचवीस-तीस मुले-मुली येतात. आम्ही डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचे साधे पदवीधर. तेव्हा या लेखात औषधांविषयी जे येईल ते जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे, आणि कायद्याविषयी जे येईल ते छापील कायद्यातले आहे. बाकीचे मात्र आमच्या डोळ्यांसमोरचे आहे आणि ते लिहायला आम्ही कचरणार नाही.

'बटन' म्हणजे काय?

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही एकाच कुळातील औषधे. निद्रानाश, अतिशय घालमेल, आकडी अशा विकारांवर डॉक्टर ती मोजून आणि मुदत ठरवून देतात. मेंदूचा वेग मंद करणे हे त्यांचे काम. हीच गोळी दोन-चार एकदम घेतली की डोके सुन्न होते, भीती जाते, जीभ जड होते, पाय लटपटतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण काल काय केले तेही धड आठवत नाही. मालेगावात अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' असे नाव पडले आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि मराठवाड्यात अशा गोळ्यांना 'बटन' म्हणतात. ही नावे वर्तमानपत्रांत छापून येऊन जुनी झाली. तरीही आम्ही पालकांच्या सभेत 'बटन' शब्द उच्चारला तेव्हा समोर बसलेल्या आया शर्टाच्या बटनापलीकडे गेल्या नाहीत. मागे सतरंजीवर बसलेली मुले मात्र माना खाली घालून हसली. सभेत कोणाला काय ठाऊक आहे, हे त्या हसण्याने आम्हाला सांगितले.

दुसरे आहे खोकल्याचे कोडीनयुक्त सिरप. कोडीन अफूपासून मिळते आणि पोटात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतो. कोरड्या खोकल्याला चमच्याने मोजून घ्यायचे हे औषध. जी बाटली आजाऱ्याला अनेक दिवस पुरते, ती व्यसनी पोर एका बैठकीत संपवते. सिरप आणि झोपेची गोळी एकत्र घेतली तर दोन्ही मिळून श्वास मंद करतात. अशी मुले झोपतात आणि काही वेळा उठतच नाहीत. अफूच्याच घराण्याशी नाते सांगणारी तिसरी गोळी म्हणजे ट्रॅमाडॉल, दुखणे थांबविणारी. तिचा गैरवापर इतका वाढला की एप्रिल २०१८ मध्ये सरकारला ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली.

मुले ही औषधे का घेतात, असे विचारले तर उत्तर एकच मिळते, "टेन्शन". परीक्षेचे टेन्शन, घरातल्या भांडणाचे टेन्शन, रात्री दोनपर्यंत मोबाईल बघून झोप उडाल्याचे टेन्शन. काहींना मित्राने "घे रे, काही होत नाही" म्हटलेले असते. परंतु आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते नववीतील एका मुलाचे बोलणे. तो म्हणाला, "काका, ही काय दारू आहे का? हे औषध आहे. दवाखान्यात डॉक्टरच देतात." या मुलाचा बाप दारू पितो. दारूला शिवायचे नाही अशी शपथ पोराने सातवीतच घेतली होती, आणि ती त्याने मोडली नव्हती! आपण पंचशीलातील पाचवे शील मुलांना शिकवितो, पण शिकविताना उदाहरण मात्र दारूचेच देतो. बुद्धी झाकोळून टाकणारे काहीही त्यात येते, मग ते मेडिकलच्या फडताळातून आलेले का असेना, हे सांगायचे राहून जाते.

आजीच्या डब्यातून

हे पोर कसे लागले, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण अशी कहाणी या सदराच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराजवळून जाते. नाव-गाव सांगत नाही.

आई चार घरची धुणीभांडी करते. बाप रिक्षा चालवितो. आजोबा गेल्यानंतर आजीची झोप उडाली, म्हणून सरकारी दवाखान्यातून तिला रात्री अर्धी गोळी सुरू झाली. ती चिठ्ठी पुढे कोणी तपासली नाही. आजी दर महिन्याला जाऊन गोळ्या आणत राहिली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आजीच्या गोळ्या, बापाची पित्ताची गोळी, धाकटीचे तापाचे सिरप, सारे एकत्र. परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला झोप येईना तेव्हा आजीनेच मायेने अर्धी गोळी दिली. पोराला शांत वाटले. पुढच्या वेळी त्याने न विचारता घेतली. दोन महिन्यांत आजी म्हणू लागली की दवाखान्यातला पोरगा गोळ्या कमी मोजतो. कोणाच्या मनात दुसरी शंका आली नाही.

डब्यातले पुरेनासे झाल्यावर पोराला दुकान सापडले. त्याच्या वर्गातील दोघांना ते आधीच सापडलेले होते. चिठ्ठी विचारली गेली नाही. छापील किमतीच्या वर काही रुपये दिले की पट्टी मिळत असे. पैसे कुठून आले? शाळेच्या सहलीसाठी म्हणून घेतलेले, दूध आणताना काढलेले, शेवटी आईच्या पर्समधले.

शाळेतून बोलावणे आले ते "मुलगा वर्गात झोपतो" म्हणून. आई घाबरून आमच्याकडे आली. "दादा, तुम्ही चला, मला सरांशी बोलता येत नाही." आम्ही रजा टाकून गेलो. मुख्याध्यापकांनी मुलाच्या दप्तरातून निघालेली रिकामी पट्टी टेबलावर ठेवली आणि सांगितले की शाळेची बदनामी नको, दाखला घेऊन जा. आम्ही विचारले, "सर, दाखला दिल्यावर गोळी सुटेल का?" त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. माणूस वाईट नव्हता. सातशे मुलांची शाळा, लिपिकाच्या दोन जागा रिकाम्या, समुपदेशक नावालाही नाही. तो तरी काय करणार? वर्गशिक्षिका बाई मात्र उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "सर, महिनाभर माझ्या जबाबदारीवर ठेवा." दाखला थांबला. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीच्या मुलाला हे संरक्षण नाही, आणि बहुतेक मुले सापडतात ती नववी-दहावीतच.

खरे संकट त्यानंतर आले. बापाने पोराला मारले आणि खोलीत कोंडले. "चार दिवस बाहेर सोडत नाही, बघतो कशी गोळी खातो ते." तिसऱ्या दिवशी पहाटे पोराला आकडी आली. दात आवळलेले, डोळे फिरलेले, अंग ताठ. शेजारच्या कोणी कांदा हुंगविला, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. आई मात्र पोराला रिक्षात घालून थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात गेली. जाताना तिने एक शहाणपणाची गोष्ट केली, रिकामी पट्टी पदरात बांधून नेली. डॉक्टरांनी ती पाहताच प्रकार ओळखला. अल्प्राझोलमसारखी गोळी रोज घेण्याची सवय झालेल्या माणसाची गोळी एकाएकी बंद केली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा थोडी थोडी उतरवीत, काही आठवड्यांत सोडवावी लागते. हे त्या बापाला ठाऊक नव्हते. त्याने पाहिले होते ते दारूचे व्यसन आणि त्यावर मार, उपास, कोंडणे हेच उपाय त्याला माहीत होते. (अट्टल दारुड्याची दारू एकदम तोडणेही असेच धोक्याचे असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

तो मुलगा वाचला. मानसोपचार विभागात तीन महिने दर आठवड्याला जावे लागले. बापाने रिक्षाचा धंदा बुडवून त्याला नेले, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. त्या वर्षी पोर नववीत नापास झाले. आता पुन्हा नववीत बसते आहे आणि आमच्या अभ्यासिकेत बीजगणिताशी झगडते आहे.

नशा नसलेली औषधे

औषधांचा गैरवापर नशेसाठीच होतो असे समजू नये. मुलींकडे तर आपले लक्षच जात नाही. आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीचा चेहरा काही महिन्यांत उजळला, मग लाल झाला, मग पुटकुळ्यांनी भरला आणि गालावर लव दिसू लागली. चौकशी केली तेव्हा कळले की मैत्रिणीने सांगितले म्हणून ती रोज चेहऱ्यावर स्टिरॉइडचे मलम चोळत होती. इसब, ॲलर्जी अशा त्वचारोगांवर थोडे दिवस लावायचे हे औषध. ते रोज लावले तर कातडी पातळ होते, आणि बंद केले की चेहरा भाजल्यासारखा होतो. म्हणून मुली पुन्हा तेच लावतात. दारूच्या उताऱ्याला पुन्हा दारू, तसा हा प्रकार. २०१८ साली सरकारने आणखी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. दुकानात मात्र ती दंतमंजनासारखी मिळतात. हे मलम लागते कशाला? सावळ्या रंगाचा न्यूनगंड आपल्याच घरांत, लग्नाच्या बैठकांत, मावशी-आत्यांच्या बोलण्यात पोसला जातो. "पोरगी हुशार आहे, पण रंगाने जरा..." हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, त्या घरातील मुलीला मलमाचा दोष देता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला 'तब्येत बनविण्याच्या' गोळ्या आहेत. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि भूक वाढविणारे सायप्रोहेप्टाडिन यांची जोडी सुट्या पुड्यांत बारक्या मुला-मुलींना दिली जाते. चेहरा भरतो, घरचे खूश होतात, "बाळसे धरले" म्हणतात. ते बाळसे नव्हे, स्टिरॉइडची सूज असते. आतून हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, रोगाशी लढण्याची शक्ती घटते. हीसुद्धा एकदम बंद केली तर शरीर कोसळू शकते.

आणि व्यायामशाळेत मेफेंटरमाइनचे इंजेक्शन! शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी हे इंजेक्शन शस्त्रक्रियागृहात वापरतात. ते टोचून घेतले की दम लागत नाही, असे व्यायामशाळेतील पोरे एकमेकांना सांगतात. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या कानावरही ते गेले आहे. भरती हे आपल्या शेकडो घरांचे स्वप्न. त्या स्वप्नासाठी पोर हृदयाची लय बिघडवून घेते, आणि एकच सुई तिघांत वापरली तर कावीळ व एड्सची जोखीम वेगळीच. मैदानावर सोबत जाणाऱ्या थोरल्या भावांनी हे ध्यानात ठेवावे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६ जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरे त्यासाठी पालथी घातली होती. झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा वापर करणारे लोक १० ते ७५ वयोगटात १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख निघाले. हुंगायच्या पदार्थांत, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन वगैरेंत, मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा अधिक आढळले: मुले १.१७ टक्के, मोठी माणसे ०.५८ टक्के. ही पाहणी मुळात झाली का? बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि मुलांमधील व्यसनाधीनतेची देशभर पाहणी करा, राष्ट्रीय आराखडा तयार करा, शाळेच्या अभ्यासक्रमात हा विषय आणा, असे केंद्र सरकारला बजावले. न्यायालयाने कान धरल्यावर सरकारने मोजायला घेतले. आणि पाहणी करणाऱ्या परक्या माणसापुढे चौदा वर्षांचे पोर किती खरे बोलणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

घरात काय बघावे?

नाक उपयोगाचे नाही म्हणून डोळे आणि बोटे वापरावीत. बोटे अशासाठी की गोळ्या मोजता येतात. ज्या घरात झोपेची, दुखण्याची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू आहे, त्या घरात ती कुलपात असावी आणि आठवड्यातून एकदा मोजावी. आजार संपल्यावर उरलेली गोळी "पुढे लागेल" म्हणून जपू नये. शेजारणीची गोळी आपल्या मुलाला देऊ नये, आपली शेजारणीला देऊ नये. ही देवघेव आपल्या चाळींत आणि वस्त्यांत साखरेच्या वाटीसारखी चालते.

वेष्टनावर पाहायला शिकावे. डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'आरएक्स' असे चिन्ह असेल आणि लाल चौकटीत इशारा छापलेला असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. त्या चिन्हामागे 'एन' जोडलेला असेल तर ते अमली किंवा मनावर परिणाम करणाऱ्या औषधांपैकी आहे. घरातील दहावीच्या मुलीला हे वाचायला सांगावे. तिलाही कळेल आणि आपल्यालाही.

मुलाच्या बाबतीत काय बघावे? दिवसा झोप, अडखळते बोलणे, कालच्या गोष्टी न आठवणे, कारण नसता धडपडणे, घरातून थोडे थोडे पैसे जाणे. सिरप घेणाऱ्यांची बुबुळे बारीक होतात, बद्धकोष्ठ होते, अंगाला खाज सुटते. यांतले एखादे लक्षण दिसले म्हणून पोराला गुन्हेगार ठरवू नये. रात्रपाळीच्या कारखान्यात बापाच्या मदतीला जाणारे पोरही वर्गात झोपते.

शंका खरी निघाली तर पहिली पायरी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा विनामूल्य दूरध्वनी १४४४६ आहे, मनाच्या आजारांसाठी 'टेलि-मानस'चा १४४१६, संकटातील मुलांसाठी १०९८. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले 'मुक्तांगण' आपल्या वाचकांना परिचित आहेच. गल्लीबोळांतील 'मारून सुधारणाऱ्या' केंद्रांच्या दारात मात्र मुलाला नेऊ नये.

मूल हलविले तरी उठत नसेल, श्वास मंद चालत असेल, ओठ निळे पडले असतील तर ताक, लिंबूपाणी, मिठाचे पाणी काहीही तोंडात घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला एका कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करावा आणि वेष्टन सोबत न्यावे. अफूच्या जातीच्या औषधांवर उतारा देणारे इंजेक्शन असते, पण काय घेतले हे डॉक्टरांना कळायला हवे. बदनामीच्या भीतीने "काही तरी खाल्ले असेल" असे खोटे सांगणारे बाप आम्ही पाहिले आहेत.

पोलिसांची भीती हे दवाखान्यात न जाण्याचे मोठे कारण असते. वाचकांनी ध्यानात घ्यावे की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या आरोपाला सामोऱ्या जाणाऱ्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेण्याची तयारी दाखविली तर त्या कलमाखाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार मात्र अर्धवट सोडता येत नाहीत. उलट, मुलाला अमली पदार्थ किंवा असे औषध डॉक्टरांच्या आदेशाशिवाय देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

रजिस्टरची गोष्ट

आता दुकानाकडे वळू. १ मार्च २०१४ पासून 'परिशिष्ट एच-१' लागू झाले. सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रॅमाडॉल ही त्यांतलीच. या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवायची, तीत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि वही तीन वर्षे जपून तपासणीला हजर करायची, असा नियम आहे. शिवाय १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी चिठ्ठीचे औषध देऊच शकत नाही. गल्ल्यावरचा बारावी नापास पोरगा फार्मासिस्ट नव्हे, भिंतीवर प्रमाणपत्र कोणाचेही टांगलेले असो.

आम्ही कारकून माणसे. रजिस्टर म्हणजे काय चीज आहे ते आम्हाला विचारा! कोणी बघणारा नसेल तर महिन्याअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने, तीस दिवसांच्या नोंदी भरल्या जातात. पण खोटे रजिस्टर पकडण्याची किल्लीही जमाखर्चातच आहे. घाऊक विक्रेत्याकडून किती पट्ट्या आल्या ते खरेदीच्या बिलावर असते. वहीत विक्री किती, फडताळात शिल्लक किती? खरेदीतून शिल्लक वजा केली की विकलेला माल निघतो. तो वहीशी जुळला नाही तर फरकाच्या पट्ट्या कोठे गेल्या, याचे उत्तर दुकानदाराने द्यायचे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाला येईल एवढे हे गणित.

म्हणून आम्ही सात पालकांच्या सह्या घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे, औषधे विभागात, लेखी अर्ज दिला. (विनामूल्य क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, पण आमचा कागदावर अधिक भरवसा.) अर्जात पोरांची नावे घातली नाहीत. दुकानाचा पत्ता, कोणत्या औषधाची विक्री होते, कोणत्या वेळेस, आणि 'खरेदीची बिले व एच-१ नोंदवही यांचा मेळ घ्यावा' एवढीच मागणी. दोन प्रती नेल्या, एकीवर तारीख-शिक्क्याची पोच घेतली. दीड महिना काही झाले नाही. मग माहितीच्या अधिकाराखाली तीन प्रश्न विचारले: तपासणी झाली का, कोणत्या तारखेला, काय आढळले? उत्तर येण्याआधीच तपासणी झाली.

वही आणि बिलांत तफावत निघाली. दुकानाचा परवाना काही दिवस निलंबित झाला. आता दुकान पुन्हा उघडले आहे. गल्ल्यावर कॅमेरा लागला आहे. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानंतर अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी अशी औषधे विकणाऱ्या दुकानांत तो सक्तीचा केला. चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही, अशी पाटीही आहे. त्या सात पालकांपैकी दोघांना दुकानदार आता ओळख देत नाही, त्यांना डोकेदुखीची गोळी आणायलाही पलीकडच्या नाक्यावर जावे लागते. आणि अभ्यासिकेतील मुलांनी परवा सांगितले की 'बटन' हवे असणारी पोरे हल्ली स्टेशनच्या बाजूला जातात. त्या दुकानाचा पत्ता आम्ही मागवून घेतला आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे, सह्या या रविवारी वंदनेनंतर विहारात घ्यायच्या आहेत.